दोष शोधणाऱ्याचे स्थान : सॉफ्टवेअर परीक्षकाच्या भूमिकेचा ऐतिहासिक आढावा (१९४९ ते २०२४)

सारांश

सॉफ्टवेअर निर्मितीच्या इतिहासात आज्ञावली लिहिणारा आणि ती तपासणारा यांतील नाते अनेकदा बदलले. प्रारंभी दोघे एकच होते. पुढे परीक्षक हा स्वतंत्र व्यवसाय बनला आणि त्याची जागा निर्मितीच्या शेवटी, संघाच्या बाहेर ठरली. २००१ नंतर अजाइल पद्धतीच्या प्रसाराबरोबर तो पुन्हा संघात आला, परंतु या प्रवेशात त्याचे नाव आणि स्वतंत्र अधिकार दोन्ही पुसट झाले. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा कालक्रमानुसार आढावा घेतला असून स्वतंत्र दृष्टी आणि संघातील सहभाग यांचा मेळ कसा घालता येईल, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सॉफ्टवेअर चाचणी, परीक्षक, अजाइल पद्धती, स्क्रम, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, गुणवत्ता.

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी यंत्रांचे, ती घडविणाऱ्यांचे आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांचे झालेले आहे. लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही हे पाहणाऱ्या माणसाची नोंद त्यात अभावानेच आढळते. व्यवहारात ज्याला टेस्टर म्हणतात, तो सॉफ्टवेअर परीक्षक काम चोख करतो तेव्हा काहीही घडत नाही. आणि जे घडलेच नाही त्याची इतिहासात नोंद होत नाही. त्याचे अस्तित्व जाणवते ते प्रामुख्याने अपघातानंतर.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न अपरिचित वाटण्याचे कारण नाही. उत्तरपत्रिका शिकविणाऱ्यानेच तपासावी की बहिःस्थ परीक्षकाने, वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा घ्यावी की वर्षभर अंतर्गत मूल्यमापन करावे, हा वाद शिक्षणक्षेत्रात जुना आहे. बहिःस्थ परीक्षक निःपक्षपाती असतो, परंतु त्याला विद्यार्थी ठाऊक नसतो. शिवाय त्याचा निर्णय येतो तेव्हा सुधारणेची वेळ निघून गेलेली असते. अंतर्गत परीक्षक वेळेवर सुधारणा करू शकतो. मात्र त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका राहते. सॉफ्टवेअर परीक्षकाचा सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास हा याच द्वंद्वाचा इतिहास होय.

उद्दिष्टे

१. सॉफ्टवेअर परीक्षकाच्या भूमिकेतील स्थित्यंतरांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२. अजाइल पद्धतीने या भूमिकेत घडविलेल्या बदलांची कारणे शोधणे.
३. अजाइल संघातील परीक्षकाच्या कार्याचे स्वरूप आणि त्यातील अंतर्विरोध स्पष्ट करणे.

गृहीतक

चाचणीची जबाबदारी संपूर्ण संघाची झाल्याने स्वतंत्र दृष्टीची गरज संपत नाही; उलट ती दृष्टी जाणीवपूर्वक जपावी लागते.

संशोधन पद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, परिषदांतील निबंध आणि अपघातांचे चौकशी अहवाल यांचा आधार घेतला आहे. अमेरिका व युरोपातील घडामोडी केंद्रस्थानी असून महाराष्ट्राचा विचार जेथे प्रत्यक्ष संबंध आला तेथेच केला आहे.

विषय विवेचन

१. लिहिणारा आणि तपासणारा : प्रारंभीचा काळ

जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी मोठी आज्ञावली कशी तपासावी या विषयावर एक छोटा निबंध सादर केला. त्यात त्यांनी बेरजेचे उदाहरण घेतले. लांबलचक बेरजेचे केवळ उत्तर समोर ठेवले तर तपासणाऱ्याला सर्व आकडेमोड एकदम पडताळावी लागते. परंतु हातचे लिहून ठेवले असतील तर प्रत्येक स्तंभ वेगवेगळा तपासता येतो. त्याचप्रमाणे आज्ञावलीच्या ठरावीक टप्प्यांवर कोणती गोष्ट सत्य असली पाहिजे, हे लिहिणाऱ्याने नोंदवून ठेवावे असे त्यांनी सुचविले. या निबंधात लिहिणारा आणि तपासणारा या दोन भूमिका वेगळ्या कल्पिलेल्या आहेत. तपासणी सोपी करणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे, हा अजाइल पद्धतीचा पुढचा विचारही तेथे बीजरूपाने दिसतो.

प्रत्यक्षात मात्र १९५० च्या दशकात दोन्ही कामे एकच व्यक्ती करीत असे. आज्ञावली यंत्रावर चालेपर्यंत तिच्यातील चुका काढत राहणे, एवढाच तपासणीचा अर्थ होता. १९५७ मध्ये चार्ल्स बेकर यांनी डॅन मॅक्रॅकन यांच्या प्रोग्रॅमिंगवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिताना एक महत्त्वाचा भेद केला. आज्ञावली चालते याची खात्री करणे ही एक गोष्ट, तर तिने हाती घेतलेला प्रश्न खरोखर सोडविला याची खात्री करणे ही दुसरी गोष्ट, असे त्यांनी दाखवून दिले. पहिल्या कामासाठी यंत्राचे ज्ञान पुरते. दुसऱ्यासाठी प्रश्नाचे ज्ञान लागते. परीक्षकाच्या भूमिकेला वैचारिक पाया मिळाला तो या भेदामुळे.

अमेरिकेच्या मर्क्युरी या मानवी अंतराळ प्रकल्पात (१९५८ ते १९६३) या भूमिकेला संघटनात्मक रूप आले. आयबीएमच्या वतीने त्या प्रकल्पावर काम केलेले जेराल्ड वाइनबर्ग यांच्या आठवणींनुसार तेथे परीक्षकांचा स्वतंत्र गट नेमण्यात आला होता. याच प्रकल्पाविषयी क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ मध्ये वेगळीच माहिती पुढे आणली. तेथे अर्ध्या दिवसाच्या अतिलहान आवर्तनांत काम चाले आणि प्रत्येक छोट्या वाढीपूर्वी तिच्या चाचण्या लिहिल्या जात. म्हणजे ज्या दोन परंपरा पुढे परस्परविरोधी मानल्या गेल्या, स्वतंत्र परीक्षकाची आणि चाचणी आधी लिहिण्याची, त्या एकाच प्रकल्पात एकत्र नांदत होत्या. अजाइलचा इतिहास २००१ पासून सुरू करणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब बहुधा निसटते.

२. परीक्षक संघाबाहेर जातो

१९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत सॉफ्टवेअर निर्मितीतील अरिष्टाची उघड चर्चा झाली. पुढील वर्षीच्या रोम येथील परिषदेत एड्सगर डायक्स्ट्रा यांनी चाचणीची मर्यादा अचूक सांगितली : चाचणीने दोष असल्याचे दाखविता येते, नसल्याचे नव्हे.

१९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या प्रणालींच्या व्यवस्थापनावरील निबंधात गरजांपासून वापरापर्यंतचे टप्पे एकाखाली एक मांडून दाखविले. पुढे या आकृतीला धबधबा पद्धती असे नाव पडले. रॉइस यांनी स्वतः ही साधी रचना धोकादायक असल्याचे त्याच निबंधात म्हटले होते. चाचणीचा टप्पा शेवटी आल्यामुळे मूलभूत चूक तेव्हाच कळते आणि जवळजवळ सर्व काम पुन्हा करावे लागते, हे त्यांचे निरीक्षण होते. तथापि व्यवस्थापकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे राहिला. मूळ रचनेत सहभागी नसलेल्या चाचणी-तज्ज्ञांकडे चाचणीचा बराच भाग सोपवावा, ही त्यांची दुसरी सूचना मात्र रूढ झाली.

१९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्स यांच्या सॉफ्टवेअर चाचणीच्या कलेवरील ग्रंथाने या विभाजनाला मानसशास्त्रीय आधार दिला. आज्ञावली बरोबर आहे हे सिद्ध करण्याच्या हेतूने जो चाचणी घेतो, त्याला दोष सापडत नाहीत. दोष शोधण्याच्या हेतूने घेतो त्यालाच ते सापडतात. निर्मिती करणाऱ्याला आपलीच निर्मिती मोडून पाहणे मनापासून जमत नाही, म्हणून स्वतःच्या आज्ञावलीची चाचणी स्वतः घेणे टाळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या लेखनातील मुद्रणदोष आपल्यालाच दिसत नाहीत, हा अनुभव प्रत्येक लेखकाला असतो. मायर्स यांचे तत्त्व याच अनुभवाचे शास्त्रीय रूप म्हणता येईल.

पुढे १९८३ मध्ये आयईईई ८२९ हे चाचणीच्या दस्तऐवजांचे मानक आले. चाचणी योजना, चाचणी प्रकरणे आणि दोषांच्या नोंदी यांचे ठरावीक नमुने निश्चित झाले. परीक्षकाला प्रतिष्ठा आणि कागदपत्रे दोन्ही मिळाली. त्याबरोबर तो लिहिणाऱ्यापासून दूरही गेला. लिहिणाऱ्यांनी काम भिंतीपलीकडे टाकावे आणि परीक्षकांनी दोषांची यादी परत फेकावी, असे या नात्याचे स्वरूप झाले. मायकेल कुसुमानो आणि रिचर्ड सेल्बी यांनी १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यपद्धतीचे वर्णन केले, तेव्हा त्या कंपनीत सर्वसाधारणपणे एका लेखकामागे एक परीक्षक असे प्रमाण होते.

डेव्हिड गेलपेरिन आणि बिल हेट्झेल यांनी १९८८ मध्ये चाचणीच्या वाटचालीचे पाच कालखंड मांडले : १९५६ पर्यंत चुका काढण्याचा, १९५७ ते १९७८ प्रात्यक्षिकाचा, १९७९ ते १९८२ विध्वंसाचा, १९८३ ते १९८७ मूल्यमापनाचा आणि १९८८ पासून प्रतिबंधाचा. ही विभागणी उपयुक्त असली तरी ती चाचणीच्या हेतूंची आहे. परीक्षक कोठे उभा होता, आत की बाहेर, हा प्रश्न त्यात उपस्थित होत नाही. अजाइल पद्धतीने नेमका हाच प्रश्न पुढे आणला.

३. दोन अपघातांचा धडा

या टप्प्यावर दोन घटनांचा विचार आवश्यक आहे. थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली आणि त्यांतील काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांच्या १९९३ च्या अभ्यासानुसार, आधीच्या यंत्रातील यांत्रिक सुरक्षाकुलपे काढून सुरक्षेची भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली होती. टेक्सासमधील एका केंद्रात घडलेला दोष निर्मात्यांना पुन्हा घडवून दाखविता येत नव्हता. तो घडवून दाखविला तेथील भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञ महिलेने. ती सरावामुळे माहिती फार झपाट्याने भरत असे आणि दुरुस्तीही तितक्याच वेगाने करत असे. त्या विशिष्ट वेगात मात्र यंत्राचा अंतर्गत क्रम चुकत होता. कामाची प्रत्यक्ष लय माहीत असलेल्या माणसाला जो दोष सापडला, तो सावकाश बटणे दाबून पाहणाऱ्याला सापडण्यासारखा नव्हता.

दुसरी घटना ४ जून १९९६ ची. एरियन-५ हे युरोपीय प्रक्षेपक वाहन उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच भरकटले आणि नष्ट झाले. एरियन-४ मधून जशीच्या तशी घेतलेली आज्ञावली ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवू पाहत होती. जुन्या वाहनाच्या मार्गात ही संख्या त्या मर्यादेत राहत असे. नव्या वाहनाच्या वेगात ती मर्यादेबाहेर गेली. चौकशी मंडळाच्या अहवालानुसार त्या उपकरणाची चाचणी एरियन-५ च्या प्रत्यक्ष मार्गाच्या आकड्यांवर झालेलीच नव्हती.

दोन्ही घटनांत परीक्षण अपुरे होतेच. परंतु संदर्भ न जाणता केलेले परीक्षण किती निरुपयोगी ठरते, हेही त्यांतून दिसते. परीक्षकाला केवळ संघाबाहेर उभे करून गुणवत्ता मिळत नाही, ही जाणीव १९९० च्या दशकात बळावली.

४. अजाइल पद्धतीचा उदय आणि परीक्षकाचे अदृश्य होणे

१९९६ मध्ये केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणाली प्रकल्पाची धुरा घेतली. त्यातून एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धती आकारास आली. बॅरी बोम यांनी १९८१ मध्ये दाखविले होते की, दोष जितका उशिरा सापडेल तितका त्याच्या दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. बेक यांनी त्यातून असा विचार मांडला की, चाचण्या सतत चालू ठेवल्या तर हा खर्चाचा चढ सपाट करता येईल. त्यासाठी चाचणी आधी लिहावी, ती यंत्राकडून आपोआप चालवावी आणि ती लिहिण्याची पहिली जबाबदारी प्रोग्रॅमरनेच घ्यावी. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी विमानप्रवासात तयार केलेल्या जेयुनिट या साधनाने ही सवय जगभर पोहोचविली.

या विचारामागे कारखानदारीतील एक परंपराही होती. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी शेवटच्या तपासणीवर विसंबून न राहता गुणवत्ता प्रक्रियेतच निर्माण करावी, असा आग्रह धरला होता. मेरी व टॉम पोपेंडीक यांनी २००३ मध्ये हाच विचार सॉफ्टवेअर निर्मितीला लागू केला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जणांनी एकत्र येऊन अजाइल जाहीरनामा प्रसिद्ध केला. चार मूल्ये आणि बारा तत्त्वे असलेल्या या दस्तऐवजात चाचणी किंवा परीक्षक हा शब्द एकदाही येत नाही. सह्या करणाऱ्यांत ब्रायन मॅरिक हे चाचणीक्षेत्रातील अभ्यासक होते, तरीही ही अनुपस्थिती राहिली. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या स्क्रम पद्धतीतही परीक्षक हे पद नाही. २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेनुसार संघात उत्पादन-मालक, स्क्रम मास्टर आणि विकसक एवढ्याच भूमिका आहेत. चाचणी करणाराही विकसकच.

यामागील हेतू उदात्त होता. लिहिणारे श्रेष्ठ आणि तपासणारे कनिष्ठ, ही उतरंड मोडावी आणि गुणवत्तेची जबाबदारी सर्वांनी वाटून घ्यावी, असे या मंडळींना वाटत होते. बेक यांनी आपल्या १९९९ च्या ग्रंथात परीक्षकाची भूमिका नोंदविली आहे. मात्र प्रणाली मोडून प्रोग्रॅमरची फजिती करणारा वेगळा माणूस त्यांना अभिप्रेत नाही. ग्राहकाला चाचण्या निवडण्यास व लिहिण्यास साहाय्य करणारा, असे त्याचे काम त्यांनी सांगितले. तथापि जे काम सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा व्यवहारातील धोका येथे होताच. पदनाम नाहीसे झाले की काम नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी माथी अदृश्यपणे येऊन पडते.

५. संघातील परीक्षकाचे कार्य

ही पोकळी भरून काढण्याचे काम परीक्षकांनी स्वतःच केले. लिसा क्रिस्पिन आणि टिप हाउस यांचा एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधील चाचणीवरील ग्रंथ २००२ मध्ये आला. मॅरिक यांनी २००३ मध्ये चाचण्यांची चार भागांची चौकट मांडली. चाचणी तंत्राच्या अंगाने आहे की व्यवसायाच्या अंगाने, ही तिची एक बाजू. ती निर्मितीला आधार देते की तयार वस्तूची चिकित्सा करते, ही दुसरी बाजू. क्रिस्पिन आणि जेनेट ग्रेगरी यांनी २००९ च्या ग्रंथात या चौकटीचा विस्तार केला आणि चाचणी हा टप्पा नसून निर्मितीबरोबर चालणारी क्रिया आहे, हे ठसविले.

ही क्रिया कशी चालते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. विद्यार्थ्याला पुनर्मूल्यांकनाचा अर्ज संगणकावरून भरता यावा, अशी गरज एखाद्या संघापुढे आली आहे असे समजू. जुन्या पद्धतीत परीक्षकाला ही सुविधा तयार झाल्यावर मिळाली असती. अजाइल संघात तो पहिल्याच चर्चेला उपस्थित असतो आणि प्रश्न विचारतो : अंतिम दिनांकाच्या मध्यरात्री शुल्क कापले गेले, पण अर्ज पोहोचला नाही, तर काय? पुनर्मूल्यांकनात गुण कमी झाले तर कोणते ग्राह्य धरायचे? निकाल राखून ठेवलेल्या विद्यार्थ्याला अर्ज दिसावा की नाही? या प्रश्नांची उत्तरे मिळतात तेव्हा एकही ओळ लिहिलेली नसते. अनेक दोष जन्मापूर्वीच टळतात. त्यांची नोंद कोणत्याही दोषयादीत होत नाही, त्यामुळे परीक्षकाच्या कामाचे मोजमापही अवघड होते. सापडलेल्या दोषांच्या संख्येवरून ज्याची किंमत ठरत होती, त्याची किंमत आता न घडलेल्या दोषांवरून ठरवावी लागते.

ही उत्तरे पुढे उदाहरणांच्या रूपात लिहून यंत्राकडून तपासता येतात. वॉर्ड कनिंगहॅम यांचे फिट (२००२), जेसन हगिन्स यांचे सेलेनियम (२००४) आणि कुकंबर (२००८) ही साधने त्यासाठी वापरात आली. प्रत्येक आवर्तनात जुन्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात आणि त्यांची संख्या सतत वाढत जाते. म्हणून यांत्रिकीकरण अपरिहार्य ठरते. माइक कोन यांनी २००९ मध्ये चाचण्यांचा मनोरा सुचविला : तळाशी लहान घटकांच्या भरपूर चाचण्या, शिखरावर संपूर्ण प्रणालीच्या मोजक्या.

यांत्रिकीकरणाबरोबर नवा भ्रमही आला. यंत्राने चाचण्या चालविल्या म्हणजे परीक्षण झाले, अशी समजूत पसरली. केम केनर यांनी १९८० च्या दशकातच शोधक चाचणीची संकल्पना मांडली होती. तीत परीक्षक पाहतो, शिकतो आणि त्यावरून पुढची चाचणी ठरवितो. मायकेल बोल्टन यांनी २००९ मध्ये पडताळणी आणि परीक्षण असा भेद केला. अपेक्षित उत्तर आले का, हे यंत्र पाहू शकते. अपेक्षाच चुकीची आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. बेकर यांनी १९५७ मध्ये केलेला भेद अर्धशतकानंतर नव्या शब्दांत परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

६. महाराष्ट्राचा संदर्भ

या स्थित्यंतराचा भारताशी, विशेषतः पुणे व मुंबईशी, प्रत्यक्ष संबंध आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात १९६८ मध्ये मुंबईत झाली. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि त्याच वर्षी टाटा समूहाचे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र टीआरडीडीसी पुण्यात सुरू झाले. २००० सालच्या दिनांक-समस्येच्या निमित्ताने भारतीय कंपन्यांकडे परदेशी प्रणालींच्या दुरुस्तीचे व चाचणीचे काम मोठ्या प्रमाणावर आले. चाचणीचा टप्पा वेगळा असल्यामुळेच ते काम वेगळे काढून दूरदेशी सोपविता येत होते. धबधबा पद्धतीतील ही भिंत भारतीय परीक्षकाच्या रोजगाराचा एक आधार होती.

अजाइल पद्धतीने ही भिंत पाडली तेव्हा त्याची अडचण झाली. जाहीरनाम्यातील एक तत्त्व प्रत्यक्ष समोरासमोरच्या संवादाला सर्वाधिक महत्त्व देते. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांत मात्र ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असते. रोजची उभ्याउभ्याची बैठक एका बाजूला सकाळी, तर दुसऱ्या बाजूला रात्री होते. ज्या चर्चेत प्रश्न विचारावयाचे त्या चर्चेलाच परीक्षक नसेल, तर तो नावाने संघात आणि व्यवहारात भिंतीपलीकडेच राहतो. नवपदवीधर चाचणीकडे दुय्यम काम म्हणून पाहतात, ही भावनाही याच जुन्या उतरंडीचा अवशेष होय.

७. अंतर्विरोध आणि ताजा अनुभव

संघात आलेल्या परीक्षकापुढे तीन अडचणी दिसतात. पहिली वेळेची. दोन आठवड्यांच्या आवर्तनात लिहिण्याचे काम लांबते आणि चाचणीला अखेरचे एक-दोन दिवस उरतात. म्हणजे मोठ्या धबधब्याच्या जागी दर पंधरवड्याला एक लहान धबधबा येतो. दुसरी अडचण मनाची. ज्यांच्यासोबत रोज बसायचे त्यांच्या कामाविषयी नकार कळविणे जड जाते. तिसरी अडचण पदाची. २०१४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने अनेक विभागांत लेखक आणि परीक्षक यांच्या भूमिका एकत्र केल्या. इतरत्रही असे घडले. ज्याचे पदच नाही, त्याला नकाराचा अधिकार कोठून मिळणार?

१९ जुलै २०२४ ची घटना या संदर्भात बोलकी आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी पाठविलेल्या एका अद्ययावत फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. कंपनीच्या स्वतःच्या कारणमीमांसेनुसार सॉफ्टवेअरच्या एका भागाला २१ माहितीघटकांची अपेक्षा होती, तर प्रत्यक्षात २० पुरविले जात होते. चाचण्या झाल्या होत्या आणि त्या उत्तीर्णही झाल्या होत्या. परंतु त्यांत एकविसाव्या घटकाच्या जागी काहीही चालेल असे मूल्य गृहीत धरले होते, त्यामुळे ती उणीव उघडी पडली नाही. पडताळणी होती, परीक्षण नव्हते. ही फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहण्याची व्यवस्थाही तेव्हा नव्हती. एकविसाव्या घटकाचे काय, असा साधा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची उणीव किती महाग पडते, हे या घटनेने दाखविले.

निष्कर्ष

१. सॉफ्टवेअर परीक्षकाचा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. आत, बाहेर आणि पुन्हा आत असा तो आंदोलनाचा इतिहास आहे. चाचणी आधी लिहिणे आणि स्वतंत्र परीक्षक नेमणे, या दोन्ही परंपरा मर्क्युरी प्रकल्पात एकत्र होत्या; त्यांना परस्परविरोधी मानणे नंतरचे आहे.

२. गेलपेरिन आणि हेट्झेल यांच्या पाच कालखंडांत २००१ नंतरचा सहभागाचा कालखंड जोडणे सयुक्तिक ठरेल. परीक्षकाचे निर्मितीच्या प्रारंभापासूनचे स्थान हे त्याचे वैशिष्ट्य होय.

३. अजाइल पद्धतीने चाचणीची जबाबदारी सर्वांना दिली, ही तिची मोठी देणगी आहे. परंतु परीक्षकाचे पद पुसताना त्याच्या अधिकाराची पर्यायी व्यवस्था बहुतेक ठिकाणी झाली नाही.

४. यांत्रिक चाचण्या हे परीक्षकाचे साधन आहे, त्याचा पर्याय नव्हे. आज्ञावली लिहिण्याचे काम आता अंशतः यंत्रेच करू लागली असताना, अपेक्षेचीच तपासणी करणाऱ्या माणसाची गरज अधिक वाढली आहे.

५. निबंधाचे गृहीतक यावरून ग्राह्य ठरते. स्वातंत्र्य हा बसण्याच्या जागेचा गुण नसून दृष्टीचा आणि अधिकाराचा गुण आहे. परीक्षक संघात बसूनही स्वतंत्र राहू शकतो. मात्र त्यासाठी त्याच्या नकाराला संघात मान असावा लागतो.

उत्तम अंतर्गत परीक्षकाची कसोटीही हीच असते. तो विद्यार्थ्याला वर्षभर मदत करतो, परंतु उत्तरपत्रिका हाती घेतल्यावर चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण करीत नाही. थेरॅक-२५ च्या खोलीत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहणाऱ्या त्या दोघांजवळ परीक्षक हे पदनाम नव्हते. होती ती केवळ यंत्राचे म्हणणे मान्य न करण्याची चिकाटी. कार्यपद्धती कोणतीही असो, ही चिकाटी ज्या संघात टिकते त्याच संघाची निर्मिती विश्वासास पात्र ठरते.